दिव्याचे धनी

शीवच्या टेकडीवरचा किल्ला इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधला, तो पलीकडच्या साष्टीत बसलेल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला. पोर्तुगीज गेले, साष्टी मुंबईच्या उपनगरांत विरघळून गेली. हद्द मात्र पुरती पुसली गेली नाही. ती विजेच्या बिलावर उरली आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत घराघरांत येते ती ‘बेस्ट’ची वीज. शीव मागे टाकून कुर्ल्याकडे निघालं की बिलावरचं नाव बदलतं. तिथे आज अदानी आहेत, त्याआधी रिलायन्स होती आणि त्याच्याही आधी १९२९ साली सुरू झालेली बीएसईएस. शीवच्या अंगाला धारावीत मोठमोठे ट्रान्सफॉर्मर घेऊन उभं असलेलं विद्युत केंद्र आहे ते तिसऱ्याच कंपनीचं, टाटांचं.

तेव्हा मुंबईला उजेड कुणी दिला, असं शीव-माटुंग्याच्या एखाद्या जुन्या भाडेकरूला विचारलं तर उत्तर ‘बेस्ट’ येईल किंवा ‘टाटा’ येईल. त्याच्या नातवाला विचारलं तर तो शाळेतलं उत्तर देईल: एडिसन. तिघांनाही खोटं ठरवता येत नाही आणि तिघांपैकी एकावर शिक्का मारून मोकळंही होता येत नाही. विजेच्या दिव्याला धनी फार.

एडिसनपासून सुरुवात करायची तर हातात एक बल्ब घ्यावा. आपल्याकडच्या बल्बच्या टोपीला दोन बाजूंना दोन पिना असतात. होल्डरमध्ये दाबायचा, किंचित वळवायचा, की बसला. अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागांत बल्ब आट्यांचा असतो, फिरवत फिरवत घट्ट करायचा, आणि त्या आट्यांना आजही एडिसनचंच नाव आहे. पिनांची पद्धत ब्रिटनमध्ये रुजली आणि साम्राज्याबरोबर इकडे आली. म्हणजे मुंबईच्या चाळीत एडिसनचं नाव पाठ्यपुस्तकातून आलं. भिंतीवर जे आलं ते त्याच्या ब्रिटिश प्रतिस्पर्ध्यांकडून.

या प्रतिस्पर्ध्यांत अग्रभागी होता जोसेफ स्वान. इंग्लंडच्या ईशान्येकडला, न्यूकॅसलचा रसायनज्ञ. फोटोच्या कागदांत आणि रसायनांत रमणारा, दाढीवाला, भांडणाला नाखूश माणूस. कार्बनचा तंतू काचेच्या फुग्यात ठेवून तापवायचा उद्योग त्याने १८५०च्या सुमारास सुरू केला होता. अडचण होती ती हवेची. फुग्यात थोडी जरी हवा राहिली तरी तंतू जळून जायचा, आणि हवा पूर्ण काढेल असा पंपच नव्हता. १८६५ मध्ये हर्मान श्प्रेंगेलने पाऱ्याचा पंप बनवला, निर्वात पोकळी आवाक्यात आली आणि बाजूला पडलेलं काम स्वानने पुन्हा हाती घेतलं. १८ डिसेंबर १८७८ रोजी त्याने न्यूकॅसलच्या रसायनज्ञांना आपला दिवा दाखवला. ३ फेब्रुवारी १८७९ रोजी तिथल्याच लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीच्या सभागृहात सातशेहून अधिक लोकांसमोर तो पेटवला. एडिसनच्या मेन्लो पार्कमधला प्रसिद्ध दिवा रात्रभर टिकला तो त्यानंतर आठ महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये.

मग स्वान पहिला? तसंही नाही. त्याच्या मागे रांग आहे. हंफ्री डेव्हीने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात बॅटरीच्या जोरावर प्लॅटिनमची तार लाल-पांढरी केली होती आणि दोन कोळशांच्या टोकांमध्ये ठिणगीची कमान पेटवून दाखवली होती. स्कॉटलंडच्या जेम्स बोमन लिंडसेने १८३५ मध्ये डंडीत दिव्याचं प्रात्यक्षिक दिलं. फ्रेडरिक डी मोलेन्सने १८४१ मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलं. अमेरिकेचा जॉन स्टार १८४५ मध्ये पेटंटपर्यंत पोचला आणि पुढच्याच वर्षी ऐन उमेदीत वारला. रशियात अलेक्सांद्र लोदिगिन, कॅनडात टोरांटोचे वुडवर्ड आणि इव्हान्स, दोघांचीही पेटंटं १८७४च्या आसपासची. टोरांटोवाल्यांकडे पैसा उभा राहिला नाही. त्यांच्या पेटंटाचे हक्क पुढे एडिसनने विकत घेतले. ज्याला ‘शोधक’ म्हणून आपण ओळखतो त्याने दुसऱ्याच्या शोधाचे पैसे मोजले होते, हे पाठ्यपुस्तकात कुठे येत नाही.

एडिसनची खरी करामत प्रसिद्धीपासून सुरू होते. १८७८च्या शरद ऋतूत, हातात चालणारा दिवा नसताना, प्रश्न सुटला असं त्याने पत्रकारांना सांगून टाकलं. नुसत्या बातमीने गॅस कंपन्यांचे शेअर कोसळले. मग वर्षभर तो आणि त्याचे लोक दिलेला शब्द खरा करण्यामागे धावत होते: चार्ल्स बॅचलर, गणिती फ्रान्सिस अप्टन, काच फुंकणारा जर्मन कारागीर लुडविग ब्योम, यंत्रशाळेतला जॉन क्रुसी. पण अप्टनच्या हिशेबातून एक गोष्ट निघाली आणि ती इतर कुणी इतक्या नेटाने धरली नव्हती. दिव्याचा रोध कमी असेल तर त्याला प्रवाह जास्त लागतो. प्रवाह जास्त तर तांब्याची तार जाड. गल्लीतल्या शंभर घरांना वीज द्यायची तर तांब्याच्या खर्चातच कंपनी बुडेल. दिव्याचा तंतू केसासारखा बारीक, लांब आणि भरपूर रोधाचा केला तर प्रवाह कमी पुरतो, तार बारीक चालते आणि दिवे समांतर जोडणं परवडतं, म्हणजे एक दिवा विझला तरी शेजारचा विझत नाही. स्वानच्या सुरुवातीच्या दिव्यात कार्बनची जाडसर कांडी होती. दिवा म्हणून ती उत्तम, गावभर वाटायला निकामी.

म्हणून एडिसनच्या पेटंटातला मोलाचा भाग काचेचा फुगा नव्हे, जास्त रोधाचा कार्बनचा तंतू हा होता. ४ नोव्हेंबर १८७९ला अर्ज, २७ जानेवारी १८८०ला मंजुरी. तंतू कशाचा करायचा याचा शोध नंतरही चालूच राहिला. आधी सुताचा दोरा, मग पुठ्ठा, मग बांबू. जपानच्या क्योटोजवळचा बांबू हजार-बाराशे तास टिकला. तरी याहून चांगला बांबू कुठे मिळतो का हे पाहायला एडिसनने १८८८ मध्ये न्यू जर्सीच्या जेम्स रिकल्टन नावाच्या शाळामास्तरला पूर्वेकडे पाठवलं. तो सिलोन, हिंदुस्थान, ब्रह्मदेश असा वर्षभर बांबू तपासत हिंडला. आपल्याकडच्या बांबूला दिव्यात जागा मिळाली नाही.

आणि मग कोर्ट. १८८३च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने विल्यम सॉयरचं काम आधीचं ठरवून एडिसनच्या हक्काला धक्का दिला. सहा वर्षांनी न्यायाधीशाने जास्त रोधाच्या तंतूचा दावा वैध ठरवला. १८९१-९२ मध्ये एडिसनची बाजू पक्की झाली आणि १८९४ मध्ये पेटंटाची मुदतच संपली. बारा-तेरा वर्षं भांडून हाती आलेली मक्तेदारी जेमतेम दोन वर्षं उपभोगायला मिळाली. त्या दोन वर्षांतही प्रतिपक्षाने हाइनरिश ग्योबेल नावाच्या न्यूयॉर्कवासी जर्मन घड्याळजीला उभं केलं. त्याने म्हणे १८५४ सालीच दिवा केला होता. पुरावा डळमळीत होता. पुढच्या अभ्यासकांनी तो खोडून काढला, तरी जर्मनीत ग्योबेलची कथा इतकी मुरली की २००४ मध्ये दिव्याच्या दीडशे वर्षांचं टपाल तिकीट निघालं. आपल्याकडे गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये विमान उडवल्याची गोष्ट अशीच पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. पुरावा मागितला की सांगणारा रागावतो. जर्मनीतही तसंच होत असावं.

या भांडणातला सगळ्यात मजेदार प्रसंग मात्र लंडनचा आहे. १८८३ मध्ये एडिसन आणि स्वान यांनी ब्रिटनमध्ये भांडण मिटवून भागीदारी केली. कंपनीचं नाव ‘एडिस्वान’. आता या कंपनीला बाजारातले बाकीचे दिवेवाले बंद पाडायचे होते आणि त्यासाठी हाताशी होतं ते एडिसनचं ब्रिटिश पेटंट. ते टिकवायचं तर एडिसनच्या आधी असा दिवा कुणी केलेला नव्हता हे सिद्ध करणं भाग. प्रतिवादी म्हणणार, स्वानने केला होता. तेव्हा स्वानच्याच कंपनीच्या वकिलांना न्यायालयात सांगावं लागलं की स्वानच्या जुन्या दिव्यात होती ती कांडी, तंतू नव्हेच. स्वतःच्या पहिलेपणाविरुद्ध स्वतःच्या पैशाने वकील द्यायची वेळ फार कमी संशोधकांवर आली असेल.

दिवा घरात घ्यायला लोक तयार होते असंही नाही. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये १८८१च्या डिसेंबरात सुमारे बाराशे स्वान-दिवे लावले गेले तेव्हा मालक रिचर्ड डॉयली कार्ट स्वतः रंगमंचावर आला, पेटलेला दिवा तलम कापडात गुंडाळला आणि फोडला. कापडाला डागही लागला नाही. टाळ्या पडल्या. गॅसच्या ज्योतीने नाट्यगृहंच्या नाट्यगृहं जळायची तो काळ, तेव्हा त्या टाळ्यांत सुटकेचा निश्वासही असणार.

मुंबईत गॅस होताच. ७ ऑक्टोबर १८६५ रोजी एस्प्लनेड रोड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजार इथे गॅसचे कंदील पेटले. लालबागची गॅस कंपनी गल्ली त्या काळाची खूण नावात जपून आहे. वीज आली ती क्रॉफर्ड मार्केटात, १८८२ मध्ये. म्हणजे न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजघर सुरू झालं त्याच वर्षी. महापालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला, मंडई उजळली, आणि पुढच्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं. भाजीवाले, फळवाले पुन्हा गॅसखाली. लंडनमध्येही त्याच सुमाराला वीज कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुगून फुटला होता, त्यामुळे मुंबईचं अपयश मुंबईपुरतं नव्हतं. तरी ‘विजेने उजळलेली देशातली पहिली इमारत’ हा मान क्रॉफर्ड मार्केटला अजून दिला जातो. कोलकात्याचे लोक लगेच आठवण करून देतात की त्यांच्याकडे २४ जुलै १८७९ रोजीच विजेचा दिवा दाखवला गेला होता. ती तारीख पुन्हा वाचावी: मेन्लो पार्कचा दिवा टिकण्याच्या तीन महिने आधीची. ‘विजेचा दिवा’ म्हणजे एडिसन असं समीकरण धरलं तर कोलकात्याची ही तारीख कुठेच बसत नाही.

यानंतर मुंबईत वीस वर्षं विजेचं नाव म्हणजे श्रीमंती हौस. १९०३च्या डिसेंबरात ताजमहाल हॉटेल उघडलं ते स्वतःच्या यंत्रांवर चालणाऱ्या दिव्यांनी. शहराला वीज मिळायला १९०५ उजाडलं. महापालिका, घोड्यांची ट्राम चालवणारी जुनी कंपनी आणि लंडनची ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कंपनी यांच्यात करार झाला, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी जन्माला आली आणि नोव्हेंबरात वाडीबंदरला वीजघर सुरू झालं. ही ब्रश कंपनी ज्याच्या नावाची, तो चार्ल्स ब्रश क्लीव्हलंडचा. २९ एप्रिल १८७९ रोजी त्याने आपल्या गावचा चौक कमानीच्या दिव्यांनी उजळला होता. तो एडिसनचा समकालीन आणि धंद्यातला प्रतिस्पर्धी. ‘बेस्ट’ची वंशावळ काढायला बसलं तर तिच्यात एडिसन लागतच नाही, ब्रश लागतो.

ट्रामवर वीज आली ७ मे १९०७ला. त्याच साली भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत, घरचे झोपल्यावर, रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्याशी त्यांनी अभ्यास केला होता. शहरात वीज होती आणि ती कुणाकडे होती, हे दोन्ही त्या एका वर्षात दिसतं.

गिरणगावाला विजेची ओळख ट्रामच्या आधी झाली आणि ती काही सुखाची नव्हती. शोधकांच्या भांडणापेक्षा हा भाग मुंबईच्या दृष्टीने कितीतरी मोठा आहे, आणि दिव्यावरच्या लेखांतून तो नेमका गळतो. एकोणिसाव्या शतकात गिरणीचा दिवस सूर्याबरोबर चालायचा. फटफटलं की भोंगा, अंधारलं की सुट्टी. हिवाळ्यात दिवस लहान, उन्हाळ्यात मोठा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेऊन जे मागणीपत्र तयार केलं, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. त्या शेवटच्या कलमात सूर्यास्त हा घड्याळासारखा आला आहे, कारण त्याच्यापुढे काम चालवणं मालकालाही परवडत नव्हतं. कापसाचा कीस उडत असताना गॅसच्या उघड्या ज्योती लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

बल्बने ही अडचण काढून टाकली. बंद काचेतला उजेड, ज्योत नाही, ठिणगी नाही. डॉयली कार्टने लंडनच्या रंगमंचावर जे सिद्ध केलं त्याचा अर्थ गिरणीमालकांनी आपल्या परीने लावला. १९०४-०५च्या तेजीत गिरण्यांतून दिवे बसले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. पहाटे पाचला आत गेलेला माणूस रात्री आठला बाहेर. १९०५च्या पावसाळ्यानंतर काही गिरण्यांत काम बंद पडलं, दंगाही झाला. कामगारांचं म्हणणं साधं होतं: दिवे लावून काम नको. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनाही हे तास अमानुष वाटले. सरकारने १९०६ मध्ये एक समिती नेमली, १९०८ मध्ये आयोगाचा अहवाल आला आणि १९११च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला पहिल्यांदा बारा तासांची मर्यादा पडली. बायकांना आणि मुलांना संरक्षण देणारे कायदे आधीपासून होते. प्रौढ पुरुषाच्या दिवसाला सरकारी मोजपट्टी लागली ती विजेच्या दिव्यामुळे. सूर्य जे काम फुकट करत होता ते आता कायद्याला करावं लागलं.

एडिसनला याची कल्पना असणं शक्य नव्हतं असं म्हणावंसं वाटतं. पण तो स्वतः रात्रंदिवस काम करणारा आणि करवून घेणारा माणूस होता, माणसं झोपतात फार अशी तक्रार करणारा. परळ-लालबागच्या रात्रपाळ्या पाहून त्याला वाईट वाटलं असतं, याची खात्री देता येत नाही.

गिरण्यांची भूक एवढी मोठी की दगडी कोळशावर ती भागणार नव्हती. डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईतल्या वास्तुविशारदाने कल्पना मांडली होती की घाटमाथ्यावर चार महिने कोसळणारं पाणी अडवावं आणि कोकणाकडे उतरवावं. जमशेटजी टाटांनी ती उचलली, पण ती पुरी होण्याआधी, १९०४ मध्ये, ते गेले. दोराबजींनी १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी उभी केली. लोणावळ्याला ८ फेब्रुवारी १९११ रोजी कोनशिला बसली. बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, खोपोलीचं वीजघर सुरू झालं. वळवण, शिरवता, लोणावळा इथे साठवलेलं पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली येऊन चक्रांवर आदळायचं आणि तिथून उच्चदाबाच्या तारा मुंबईकडे निघायच्या. पहिली वीज गेली ती सिम्प्लेक्स मिलला. घरातल्या दिव्याचा नंबर नंतर.

‘टाटांची वीज’ म्हणून मुंबईकर ज्याचं कौतुक करतो त्याच्या हिशेबात मुळशीही धरायला हवी. खोपोलीनंतर भिवपुरी झालं, मग भिरा. भिऱ्याला पाणी द्यायला मुळशीला धरण आणि धरणाखाली मावळातली पन्नासेक गावं. भातशेतीची, देवळांची, पिढीजात. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच ‘सेनापती’ झाले आणि तुरुंगातही गेले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांतही दोन तट पडले. मुंबईच्या उद्योगांना वीज हवी होती आणि देशी भांडवलाचा अभिमानही होता. धरण झालंच. परळच्या गिरणीत काम करणारे कितीतरी जण घाटावरून आलेले. गावाकडचं पाणी आपल्या डोक्यावरचे दिवे लावतं आहे, हे त्यांच्यातल्या काहींना नक्कीच ठाऊक असणार.

‘बेस्ट’नेही टाटांची वीज घ्यायला सुरुवात केली आणि स्वतः वीज तयार करण्याचं काम हळूहळू गुंडाळलं. त्याच काळात सुधार ट्रस्टने दादर, माटुंगा, शीव इथे भातखाचरं आणि बागा मोडून आखीव रस्त्यांच्या वसाहती वसवल्या. १९२३ मध्ये व्हीजेटीआय ही तांत्रिक शिक्षणाची संस्था भायखळ्याहून माटुंग्याला आली आणि विजेचं काम शिकलेली मुलं इथूनच बाहेर पडू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची आगगाडी धावली, वडाळ्यावरून, हार्बरच्या रुळांवरून. न्यूकॅसलच्या सभागृहात स्वानचा दिवा लागला ती तारीखही ३ फेब्रुवारीच. योगायोग आहे, त्याचा अर्थ काढायला जाऊ नये.

७ ऑगस्ट १९४७ला, स्वातंत्र्याला आठवडा असताना, महापालिकेने ‘बेस्ट’ ताब्यात घेतली. आणिक आगारातल्या ‘बेस्ट’च्या छोट्या संग्रहालयात ट्रामगाड्या आणि बसगाड्यांच्या प्रतिकृती, तिकिटांची यंत्रं मांडलेली आहेत. शीवहून जवळ आहे, मुलांना न्यावं. शीवच्या हद्दीवरचं भांडण मात्र संग्रहालयात गेलेलं नाही. उपनगरातल्या घरगुती ग्राहकांना टाटांनी वीज विकावी की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि जुलै २००८ मध्ये निकाल टाटांच्या बाजूने लागला. एडिसन-सॉयर भांडणाला सव्वाशे वर्षं झाली होती. दिवा तोच, वकील नवे.

पेटंट, परवाना, भांडवल. दिव्याचा धनी या तिघांनी ठरवला, हे मुंबईत जन्मलेल्या एका संशोधकाच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतं. शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७. ‘हिंदुस्थानचे एडिसन’ अशी त्यांची ख्याती झाली. लंडनच्या एका मासिकाच्या स्पर्धेत वजनकाट्याचा आराखडा जिंकून ते विलायतेला गेले, दादाभाई नौरोजींनी त्यांना हात दिला, छपाईचे खिळे ओतणारं ‘भिसोटाइप’ यंत्र त्यांनी बनवलं. सर रतन टाटांनी पैसा घातला आणि काही वर्षांनी काढून घेतला. भिसे अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. बुद्धीत ते उणे नव्हते. मागे मेन्लो पार्क नव्हतं, अप्टन-बॅचलर नव्हते, दहा-बारा वर्षं खटले चालवू शकेल अशी तिजोरी नव्हती. एडिसनची उपमा त्यांना मिळाली, एडिसनचं यंत्रमंडळ मिळालं नाही. तेच टोरांटोच्या वुडवर्डचं आणि तेच लुइस लॅटिमरचं. गुलामीतून निसटलेल्या आईबापांचा हा कृष्णवर्णीय मुलगा. कार्बनचे तंतू टिकाऊ आणि स्वस्त कसे करायचे याचं पेटंट त्याने १८८२ मध्ये मिळवलं, पण ते त्याच्या मालकाच्या कंपनीच्या खात्यात गेलं.

एडिसनचं श्रेय काढून घ्यावं असं यातून निघत नाही. दिवा, तारा, वीजघर, मीटर, बिल ही पूर्ण साखळी त्याने एका डोक्यात धरली आणि ती उभी केली. फक्त ती साखळी म्हणजे ‘बल्बचा शोध’ नव्हे. बल्ब त्यातला एक दुवा, आणि तोही अनेकांच्या हातचा.

कार्बनचा तंतूही टिकला नाही. टंगस्टन आलं, नंतर ट्यूबलाइट, मग पिळाचे सीएफएल, आता एलईडी. २०१५च्या जानेवारीत सुरू झालेल्या सरकारी ‘उजाला’ योजनेत छत्तीस कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. साठ वॅटचं काम नऊ वॅटमध्ये. रात्री खोलीत मिणमिणणारा ‘झिरोचा बल्ब’, जो प्रत्यक्षात बारा-पंधरा वॅट खायचा आणि तरी शून्य म्हणवून घ्यायचा, तो बाजारातून जवळजवळ गेला.

एलईडीच्या जन्मावरही भांडण झालंच. रशियाच्या ओलेग लोसेवने १९२०च्या दशकात स्फटिकातून येणाऱ्या प्रकाशावर लिहिलं आणि १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला. एडिसनच्या कंपनीतून वाढलेल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याकने १९६२ मध्ये लाल एलईडी केला. २०१४चं नोबेल मात्र निळ्या एलईडीला मिळालं, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना. होलोन्याक जाहीरपणे नाराज झाला. शुजी नाकामुराला त्याच्या निचिया कंपनीने या शोधाबद्दल बक्षीस दिलं होतं वीस हजार येन. तो कोर्टात गेला. टोकियोच्या न्यायालयाने दोन हजार कोटी येन द्यायला सांगितले, अपिलात २००५ मध्ये सुमारे चौऱ्याऐंशी कोटींवर तडजोड झाली.

दिवाळीच्या आधी लोहार चाळीत गेलं तर हे सगळे दिवे ढिगाने दिसतात. क्रॉफर्ड मार्केटपासून चालत पाच-दहा मिनिटांवर हा बाजार, वायरी, स्विच, होल्डर, तोरणं आणि माळा यांचा. मोठ्या डब्यातून नऊ वॅटचा बल्ब काढून दुकानदार बोर्डावर लावून दाखवतो. आत निळा प्रकाश देणारी नाकामुराच्या वंशातली चिप, तिच्यावर पिवळ्या रसायनाचा थर, त्यातून बाहेर पडतो पांढरा उजेड. टोपीला मात्र अजून दोन पिना आहेत. आट्यांचा हवा असेल तर तसं सांगावं लागतं, मग तो मागच्या फळीवरून काढून देतात.